आईच्या नावाचा गॅस

नव्या घरात जाताना आपल्याकडे किती सोपस्कार असतात! वास्तुशांत होते, दूध उतू घालतात, शेजारणींना हळदीकुंकवाला बोलावतात. घर बंद करताना मात्र काहीच नाही. कुलूप लावायचं, किल्ली खिशात टाकायची आणि एसटी गाठायची. त्यामुळे बरंच काही अर्धवट राहून जातं. आमच्या साताऱ्याच्या घरातलं गॅसचं कनेक्शन असंच तीन वर्षं राहून गेलं होतं.

आई २०२१ साली गेली. मी पुण्यात, बहीण नाशिकला. गणपतीत आणि मे महिन्यात आम्ही घर उघडायचो. सिलिंडर लागलं तर आईच्या मोबाइलवरून नोंदवायचं, तेवढ्यासाठी तो मी चालू ठेवला होता. त्यावर येणारा ओटीपी मी सिलिंडर आणणाऱ्या पोराला सांगायचो. एकदा त्यानं पावतीवरचं नाव वाचून विचारलं, "आजी कुठं दिसत नाहीत?" मी म्हटलं, "आत आहेत." भिंतीवर तिचा फोटो होता, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं, अशी मी मनाची समजूत घातली.

आता हे कोण म्हणतो आहे? जन्मभर बँकेत अधिकारी म्हणून वावरलेला माणूस. एकदा एक गृहस्थ वडिलांनी मरणापूर्वी सही करून ठेवलेला चेक घेऊन माझ्या टेबलाशी आले होते. पैसे दिवसकार्यासाठी हवे होते. मी शांतपणे सांगितलं, "खातेदार हयात नाहीत, चेक पास करता येणार नाही." नियम बरोबरच होता. पण तोच मी माझ्या गेलेल्या आईच्या नावावर सिलिंडरं उचलत होतो.

आळस हे कारण होतंच, पण तेवढंच नव्हतं. घराचा उतारा वडिलांच्या नावाचा, विजेचं बिल त्यांच्याच नावाचं, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख तेच. वडिलांच्या सतत बदल्या होत, म्हणून गॅसचा अर्ज तेवढा आईच्या नावानं केला होता. त्या काळी नंबर लागायला वर्षंच्या वर्षं जात. खासदारांच्या कोट्यातून कनेक्शन मिळवून देणारा माणूस गल्लीत मोठा ठरायचा. आम्हाला कुणाचा वशिला नव्हता. १९८१ साली नंबर लागला, तोवर आईनं चुलीपुढे फुंकणी आणि रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारत निम्मं आयुष्य काढलं होतं. त्या दिवशी तिनं शेगडीला हळदकुंकू वाहिलं आणि पहिला चहा केला. पुढे २०१६ साली उज्ज्वला योजना आली, तेव्हा कनेक्शन घरातल्या बाईच्याच नावानं द्यायचं ठरलं. आमच्या घरात ते अपघातानं घडलं होतं. तिच्या नावाचा तेवढा एकच कागद, तो रद्द करायला हात धजावत नव्हता.

पण कागद जपणं वेगळं आणि बंद घरात सिलिंडर ठेवणं वेगळं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वास मिसळलेला असतो, पण वास यायला घरात नाक तर हवं! सहा महिने बंद असलेल्या घरात रबरी नळी वाळते, उंदीर कुरतडतात. मग कुणी तरी रात्री येतं, कुलूप उघडतं आणि सवयीनं आधी दिव्याचं बटण दाबतं. गॅस कंपन्यांचा अपघात विमा असतो खरा, पण तो नोंदणी झालेल्या ग्राहकाचा. ग्राहकच हयात नसेल आणि ते कुणी कळवलेलंही नसेल, तर विम्याच्या दारात आपण कोणत्या तोंडानं उभं राहणार?

शेवटी गेल्या वर्षी एजन्सीत गेलो. मृत्यूचा दाखला, बहिणीचं संमतिपत्र, माझं ओळखपत्र आणि अनामत भरल्याची मूळ पावती. ती आईच्या पोथीत सापडली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, बंद कशाला करता? असू दे की. नंतर घ्यायचं म्हटलं तर आताच्या दरानं अनामत भरावी लागेल." तिचं काही चुकत नव्हतं. 'असू दे की' या तीन शब्दांवर आपली निम्मी घरं चालतात. मी म्हटलं, "बाई, जिच्या नावाचं आहे तीच नाही." तिनं मान हलवली आणि फॉर्म पुढे केला.

सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा झालं. पावतीवर होती तेवढीच, तीन आकडी अनामत परत मिळाली; तिच्यावर व्याज नसतं. बँकवाल्याच्या मनानं चक्रवाढीचा हिशेब चालू केला होता, त्याला मी दटावलं. त्या पैशांत चाळीस वर्षं धुराविना स्वयंपाक झाला होता. याहून चांगला परतावा मी कुठल्याही ठेवीवर दिलेला नाही. मूळ पावती एजन्सीनं ठेवून घेतली. तिची झेरॉक्स मी आधीच काढली होती, ती पुन्हा पोथीत ठेवली.

वाचकहो, गावाकडे तुमचंही एखादं बंद घर असेल. पुढच्या खेपेला जाल तेव्हा ओट्याखाली वाकून बघा. घरात कुणी राहणार असेल तर कनेक्शन रीतसर वारसाच्या नावावर करून घ्या, नळी बदला. कुणीच राहणार नसेल तर सिलिंडर परत करा. एजन्सीवाल्यांनीही एवढं करावं, की गेलेल्या माणसाचं कनेक्शन बंद करायला आलेल्याला काय कागद लागतात ते एका पाटीवर लिहून दाराशी लावावं. त्या दिवशी माणसाला खेपा घालण्याचं बळ नसतं.

निघण्यापूर्वी मी ओटा पुसला. सिलिंडर ठेवायचो तिथे फरशीवर गंजाचं गोल वळं उमटलं होतं. पुष्कळ घासलं, पण ते काही निघालं नाही. मग तसंच राहू दिलं आणि घराला कुलूप लावलं.