किलिमांजारोवरचा सातवा दिवस

प्रति,
मुख्य संवर्धन अधिकारी व प्रशासन,
किलिमांजारो राष्ट्रीय उद्यान, मारांगू, टांझानिया

सन्माननीय महोदय,

आपल्या डोंगरावर मी सहा दिवस होते. माचामेच्या फाटकातून आत शिरले, म्वेकाच्या फाटकातून बाहेर पडले, आणि मधल्या एका सकाळी उहुरू शिखरावरच्या फलकापाशी उभी राहिले. हे पत्र लिहिते आहे ते आम्हाला न मिळालेल्या सातव्या दिवसासाठी.

पत्राची इंग्रजी प्रत आपल्याकडे वेगळी पाठवली आहे. मराठीत मुद्दाम लिहिते आहे, कारण २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास महाराष्ट्रातूनही माणसे तिरंगा घेऊन आपल्याकडे येतात. कुणी आपल्या गावासाठी, कुणी एखाद्या संस्थेच्या मदतनिधीसाठी. त्यांच्या घरच्यांनीही हे वाचावे असे मला वाटते.

मी मूळची वाईची. पांडवगड, कमळगड हे लहानपणापासून पायाखालचे. कळसूबाईवर तीनदा गेले आहे. ते आमच्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. आपले माचामे फाटक साधारण १,८०० मीटरवर आहे. म्हणजे महाराष्ट्रातला सगळा सह्याद्री जिथे संपतो त्याच्याही वर आपली वाट सुरू होते. हे मला नकाशावर माहीत होते. अंगाला कळायला तीन दिवस लागले.

गेली बावीस वर्षे मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला, परिचारिका म्हणून काम करते. माझे यजमान शेवटचे पाच आठवडे एका हॉस्पिसमध्ये होते. तिथल्या लोकांनी त्यांना वेदनेशिवाय जाऊ दिले. त्या संस्थेने किलिमांजारोचा ट्रेक जाहीर केला, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी नाव दिले. ब्रिटनमध्ये ही पद्धत चांगली रुजली आहे. २००९ साली गायक गॅरी बार्लो यांच्यासह नऊ नामवंत मंडळी कॉमिक रिलीफ या संस्थेच्या मदतनिधीसाठी आपला डोंगर चढली आणि तीस लाख पौंडांहून अधिक निधी जमला. तो कार्यक्रम आम्ही दोघांनी टीव्हीवर एकत्र पाहिला होता.

निधी मी गणपतीत जमवला. मराठी मंडळाच्या दहा दिवसांत बटाटेवडे आणि उकडीचे मोदक विकले. ज्यांना मी नावानेही ओळखत नव्हते त्यांनी पाकिटे दिली. आईने वाईहून पाच हजार रुपये पाठवले आणि फोनवर विचारले, "यातनं तुझं विमानाचं तिकीट नाही ना काढायचं?"

आईचा प्रश्न अगदी मुळाशी जाणारा होता, म्हणून त्यावर थोडे थांबते. असे ट्रेक दोन तऱ्हांनी होतात. एकीत माणूस आपला सगळा खर्च खिशातून करतो आणि जमवलेला पैसा पुरता संस्थेला जातो. दुसरीत संस्था प्रत्येकाने जमवायची किमान रक्कम ठरवते आणि प्रवासाचा, चढाईचा खर्च त्या रकमेतूनच भागवते. मी पहिली तऱ्हा निवडली. आमच्या गटातल्या बहुतेकांनी दुसरी निवडली होती, आणि त्यात लबाडी काहीच नाही. देणाऱ्याला ते आधी सांगितलेले असले म्हणजे झाले. पण या दुसऱ्या तऱ्हेत डोंगरावर वाचलेला प्रत्येक डॉलर रुग्णांकडे जातो. म्हणून चांगल्या मनाची माणसे चांगल्या हेतूने सर्वांत कमी दिवसांचा ट्रेक निवडतात. आमच्यासाठी माचामेचा सहा दिवसांचा निवडला होता.

पहिले दोन दिवस सुखाचे गेले. ओल्या जंगलातून चढलो, मग झाडे खुजी होत होत संपली. गाईड दर वळणावर "पोले पोले" म्हणत आणि आम्ही पाय आणखी हळू टाकत होतो. आमच्या चौदा जणांसाठी पन्नासच्या आसपास माणसे राबत होती. माझी पिशवी वाहणारा मुलगा माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचा होता. आम्ही निघाल्यावर तो मागे राहून तंबू उपटायचा, तासाभरात डोक्यावर बोचके घेऊन आम्हाला ओलांडून जायचा, आणि आम्ही पोचेपर्यंत माझा तंबू उभा करून दाराशी कोमट पाण्याचे भांडे ठेवायचा. फाटकावर आपले लोक पोर्टरचे ओझे काट्यावर घालून बघतात, वीस किलोंवर जाऊ देत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिले. त्याबद्दल आपले मनापासून आभार. कमी दिवसांचा ट्रेक म्हणजे त्या मुलाची एका दिवसाची मजुरीही बुडाली, हे मला फार उशिरा सुचले.

तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरला, ४,६०० मीटरच्या वर, जेवण केले आणि झोपायला बारांकोला, साधारण ३,९६० मीटरवर, उतरलो. उंच चढावे, खाली झोपावे हे तिथे बरोबर साधते. चौथ्या दिवशी मात्र वेळापत्रकाने दगा दिला. सात दिवसांच्या ट्रेकमध्ये बारांकोहून निघालेली माणसे करांगाला रात्र काढतात आणि दुसऱ्या दिवशी तीन-चार तासांत बराफूला पोचतात. आम्ही बारांकोची भिंत चढून, करांगाची दरी उतरून-चढून, थेट बराफूला गेलो. ४,६७० मीटर. पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. जेवलो, आडवे झालो, आणि रात्री साडेअकराला उठून शिखराकडे निघालो. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. करांगाला राहूनही तो पूर्ण पाळला जात नाही, हे मी जाणते. पण शरीराला एक रात्र जास्त मिळते आणि शिखराच्या रात्रीआधी निम्मा दिवस झोप मिळते. शिखरावर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा असतो. तिथे जाणाऱ्याला ही रात्र फार मोलाची.

आमच्या गटात एक निवृत्त शिक्षक होते. मी त्यांना सर म्हणत असे. त्यांची पत्नी त्याच हॉस्पिसमध्ये गेली होती. रोज संध्याकाळी जेवणाच्या तंबूत गाईड बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजायचे आणि विचारायचे: डोके दुखते? मळमळ? झोप? सर दर वेळी म्हणायचे, काही नाही, छान आहे. बारांकोला मी त्यांना तंबूमागे उलटी करताना पाहिले. ते ओशाळून म्हणाले, "चौऱ्याण्णव जणांनी पैसे दिलेत माझ्या नावावर. त्यांना काय सांगू?"

मी परिचारिका आहे. मी त्याच क्षणी मुख्य गाईडकडे जायला हवे होते. मी त्यांना आल्याचा तुकडा दिला आणि गप्प राहिले, कारण माझ्या पाकिटांमागेही माणसे होती आणि त्यांची भीती मला माझीच वाटली. या गप्प राहण्याची मला अजून लाज वाटते.

शिखराच्या रात्री ५,३०० मीटरच्या आसपास सर एका दगडावर बसले आणि हातमोजे काढू लागले. कुठे निघालात विचारले तर म्हणाले, बस येईल आता. मुख्य गाईडने त्यांना उभे केले, टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालायला सांगितले. दोन पावलांत ते कलंडले. त्यानंतर एक मिनिटही वाया गेले नाही. दोन सहायक गाईड त्यांना दोन्ही बाजूंनी धरून खाली घेऊन गेले, बराफूला न थांबवता पुढे एका चाकाच्या स्ट्रेचरवरून आणखी उतरवले. मी बरोबर येऊ का विचारले. गाईड म्हणाले, गरज नाही, तुम्ही चला. मी वर गेले. पहाटे स्टेला पॉइंटला उजाडले आणि सातच्या थोडे आधी उहुरूला पोचले. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. १९६१ च्या डिसेंबरात आपल्या देशाने तिथे मशाल लावली होती. त्या जागी मी यजमानांचा फोटो बाहेर काढला, कपाळाला लावला आणि परत निघाले. सर वाचले. खाली उतरल्यावर काही तासांत त्यांचे बोलणे ताळ्यावर आले. ज्या माणसांनी त्यांना वाचवले त्यांना मिळणाऱ्या बक्षिशीबद्दल आमच्या माहितीपत्रकात एक ओळही नव्हती. आम्ही शेवटच्या मुक्कामी खिसे उलटे केले.

आता माझी विनंती. आमच्या वेळी परदेशी प्रौढाला संवर्धन शुल्क दिवसाला ७० डॉलर होते, तंबूचे रात्रीला ५०, आणि वर १८ टक्के कर. म्हणजे एका जास्तीच्या दिवसाचे माणशी जवळपास १४२ डॉलर आणि चौदा जणांचे दोन हजारांच्या घरात. पोर्टरची मजुरी आणि शिधा याहून वेगळा. निधी जमवणाऱ्या कुठल्याही संस्थेच्या कार्यालयात हा आकडा मांडला की सातवा दिवस आपोआप खोडला जातो. तिथे बसलेल्या माणसाने बराफूची रात्र पाहिलेली नसते. त्याला दोन हजार डॉलरमध्ये किती रात्रपाळ्या भागतील ते दिसत असते.

बचावकार्याचे २० डॉलर मात्र आपण दिवसावर घेत नाही, चढाईला एकदाच घेता. तीच रीत बाकीच्या शुल्काला लावावी. कर सोडून पाहिले तर माचामेवर सहा दिवस-पाच रात्रींचे ६७० डॉलर होतात आणि सात दिवस-सहा रात्रींचे ७९०. यांच्या मधला एकच आकडा ठरवा आणि सहा दिवस असोत की सात, तेवढाच घ्या. मग दिवस कापून उद्यानाच्या शुल्कात काहीच वाचणार नाही. जास्तीच्या दिवशी पोर्टरना पूर्ण मजुरी आणि तीन वेळचे जेवण दिल्याची नोंद बाहेर पडताना फाटकावर बघावी, एवढी अट त्याला हवी. मारांगूच्या पाच दिवसांच्या चढाईलाही हे लागू पडेल. आधी आपल्याकडचाच मेरू पर्वत चढून आलेल्यांची गोष्ट वेगळी; त्यांचे शरीर तयार झालेले असते.

या डोंगराच्या उत्पन्नावर टांझानियातली इतर उद्यानेही चालतात, म्हणून मी सूट मागत नाही. एकूण जमा तेवढीच राहील असा आकडा आपले लोक सहज काढतील. करांगाच्या मुक्कामावर गर्दी वाढेल, पाणी आणि शौचालये कमी पडतील, ही अडचण खरी आहे. त्यासाठी रोजच्या गटांची संख्या बांधावी लागेल. मला ते मान्य आहे, आणि ज्यांना पुढची तारीख मिळेल त्यांनीही ते मान्य करावे.

दुसरी विनंती लहान आहे. आपण उहुरूचे प्रमाणपत्र देता, त्याखालच्या स्टेला पॉइंटचे आणि गिलमन्स पॉइंटचेही देता. गाईडच्या सांगण्यावरून त्याहून खालून परतलेल्या माणसाच्या हाती काहीच पडत नाही. मदतनिधीसाठी आलेल्या माणसाला घरी जाऊन चौऱ्याण्णव जणांना तोंड दाखवायचे असते. सरांनी परतल्यावर प्रत्येकाला हाताने पत्र लिहिले, शिखर झाले नाही म्हणून माफी मागितली आणि पैसे परत हवे असतील तर कळवा असे लिहिले. कुणीही परत मागितले नाहीत. पण ही माफी मागावी लागेल या धास्तीनेच त्यांनी चार दिवस डोकेदुखी लपवली होती. आपल्या उद्यानाच्या शिक्क्याचा एक कागद अशा माणसाला मिळावा: अमुक व्यक्ती अमुक उंचीपर्यंत आली आणि गाईडच्या सल्ल्याने वेळेवर परतली. त्यावर गाईडची सही असावी. असा कागद मिळतो हे चढाईच्या पहिल्या संध्याकाळी तंबूत सांगितले, तर गाईडच्या रोजच्या प्रश्नांना खरी उत्तरे येतील.

आमच्या संस्थेने पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा गट आणायचे ठरवले आहे. मी त्यांच्यापुढे हे सगळे मांडले. या वेळी ट्रेक सात दिवसांचा आहे. जास्तीच्या दिवसाचा खर्च आम्ही प्रत्येकाने आपल्या खिशातून भरला आहे, आणि बक्षिशीची रक्कम माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापली आहे. सरही येणार आहेत. डॉक्टरांनी त्यांना करांगापर्यंतच परवानगी दिली आहे. तिथे ते आमची वाट बघत दोन दिवस थांबायचे म्हणत होते. पण आम्ही बराफूहून उतरतो ते म्वेकाच्या वाटेने, करांगाला पुन्हा जाणे होत नाही, हे त्यांच्या ध्यानात नव्हते. आता ते एका गाईडबरोबर करांगाहून खाली उतरतील आणि म्वेकाच्या फाटकावर आम्हाला भेटतील. त्या दिवशी त्यांच्या हाती तो कागद पडेल का, एवढे आपण कळवावे.

आपली नम्र,
माचामेच्या वाटेने आलेली एक परिचारिका
लेस्टर