घराचा विमा घरापर्यंत पोचू द्या

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

महोदय,

2047 पर्यंत देशातल्या प्रत्येकाला विम्याचे संरक्षण मिळावे, असे उद्दिष्ट आपल्या प्राधिकरणाने जाहीर केले आहे. मी त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल लिहिते आहे, घराबद्दल. गाडीचा विमा कायद्याने घ्यावाच लागतो. आरोग्याचा विमा करोनानंतर लोक स्वतःहून विचारू लागले. पण जन्माची कमाई ज्या चार भिंतींत घातली, त्या भिंतींचा विमा स्वतः समजून घेऊन उतरवलेला माणूस आमच्या भागात शोधावा लागतो.

मी चिपळूणला राहते. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी बाजारपेठेत आणि वस्त्यांत शिरले. कित्येक ठिकाणी तळमजला पूर्ण बुडाला. 2005 च्या जुलैचा पूर पाहिलेल्यांनाही एवढ्या पाण्याची कल्पना नव्हती. त्याच्या दोन वर्षे आधी सांगली-कोल्हापूरने असेच पाणी सोसले होते आणि 2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची कौले उडवली होती. हे सगळे आम्हाला नवीन नाही. प्रत्येक वेळी चिखल उपसून झाला की पंचनामे होतात आणि लोक सरकारी मदतीची वाट पाहतात. ती मदत किती असते? केंद्राच्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये आणि डोंगराळ भागात 1,30,000 रुपये आहेत. ही रक्कम आधार म्हणून आहे आणि तिचा मी अनादर करत नाही. पण एवढ्यात चिऱ्याचे जोतेसुद्धा उभे राहत नाही.

मला आपले आभारही मानायचे आहेत, कारण आपण 2021 मध्ये केलेले काम चांगले आहे. 1 एप्रिल 2021 पासून आगीचा विमा देणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीने ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मसुद्याची पॉलिसी द्यायची, असे आपण ठरवले. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड, जमीन खचणे, दंगल, पाण्याची टाकी फुटणे, हे सारे एकाच कागदात आले. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाचे संरक्षण विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाख रुपये, वस्तूंची यादी न देता आपोआप मिळते.

यातली सर्वांत मोठी सुधारणा फार थोड्यांना कळली आहे. पूर्वी 20 लाखांचे घर 10 लाखांना उतरवले आणि 4 लाखांचे नुकसान झाले, तर कंपनी म्हणे, ‘तुम्ही अर्धाच विमा घेतला, म्हणून भरपाईही अर्धी,’ आणि हातात 2 लाख पडत. नव्या पॉलिसीत ही कपात नाही. विमा रकमेच्या मर्यादेत पूर्ण 4 लाख मिळतात. सामान्य घरमालकाच्या बाजूने इतका स्पष्ट बदल मी विम्यात क्वचितच पाहिला आहे.

मग अडते कुठे? माझ्या मते, बहुतेक माणसांची घराच्या विम्याशी गाठ आयुष्यात एकदाच पडते, बँकेत गृहकर्जाच्या कागदांवर सह्या करताना. तिथे विमा समजावला जात नाही, कर्जाला चिकटवला जातो.

पुरानंतर ओळखीतल्या एका कुटुंबाने मला त्यांची कर्जाची फाइल वाचायला दिली. ‘आमचा विमा आहे, कर्जाबरोबरच घेतला होता,’ असे ते खात्रीने सांगत होते. एकरकमी हप्ताही कर्जात मिळवलेला होता. कागद पाहिला तर तो कर्जदाराच्या जिवाचा विमा होता. कर्जदार गेला तर राहिलेले कर्ज फिटेल, एवढीच त्याची हमी. घराच्या भिंतींचा, दारांचा, सामानाचा त्यात कुठे उल्लेख नव्हता. त्या कुटुंबाला हे सांगताना मला फार जड गेले. वर्षानुवर्षे ज्या कागदावर त्यांनी भरवसा ठेवला, तो दुसऱ्याच संकटासाठी होता. जिवाचा तो विमा वाईट नाही, कर्त्या माणसामागे घर वाचवणारा आहे. पण घेणाऱ्याला दोन्हींतला फरक सही करण्याआधी कळायला हवा होता.

दुसरीकडे, जिथे इमारतीचा विमा खरोखर काढलेला असतो, तिथे पुष्कळदा रक्कम कर्जाएवढी धरलेली असते. पॉलिसीत बँकेचे नाव असते, त्यामुळे भरपाईवर पहिला हक्क बँकेचा. कर्ज फिटले की बहुतेकांची पॉलिसीही संपते, कारण मुदतच कर्जाच्या हिशेबाने बांधलेली असते. घर पहिल्यांदा पूर्णपणे आपले होते, त्याच दिवशी ते उघडे पडते. त्या दिवशी बँक ‘नो ड्यूज’चा दाखला देते. त्या दाखल्यावर ‘आपल्या घराचा विमा अमुक तारखेला संपतो’ अशी एक ओळ छापायला लावणे अवघड नाही.

विमा रकमेबद्दलचा गोंधळ तर सुशिक्षितांतही आहे. पुण्यात 80 लाखांना फ्लॅट घेतलेला माणूस ‘80 लाखांचा विमा म्हणजे केवढा हप्ता’ असे म्हणून मागे फिरतो. त्या 80 लाखांत जागेची किंमत आहे, रस्ता, शाळा आणि स्टेशनजवळ असण्याची किंमत आहे. ती पुरात वाहून जात नाही की आगीत जळत नाही. विमा हवा तो पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा. आपल्या पॉलिसीतले सूत्र सोपे आहे, घराचे चटई क्षेत्र गुणिले त्या भागातला आजचा बांधकामाचा दर. चटई क्षेत्र 60 चौरस मीटर आणि दर 30,000 रुपये असेल, तर विमा 18 लाखांचा. त्यावर 3 लाख 60 हजारांचे सामान आपोआप धरले जाते. बांधकाम महागते म्हणून विमा रक्कम वर्षाला 10 टक्क्यांनी वाढण्याची सोय आहे आणि पॉलिसी 10 वर्षांपर्यंत घेता येते. हा हिशेब कोणीही कागदावर मांडून दाखवला, तर माणूस मागे फिरणार नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांबद्दलही हेच. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंपापासून विमा काढण्याचे सांगितले आहे. ज्या संस्था तो काढतात, त्यांच्या सभासदांना आपल्या फ्लॅटमधले सामान त्यात येत नाही हे माहीत नसते. वार्षिक सभेत लिफ्टच्या देखभालीवर तासभर चर्चा होते, विम्याचा विषय मात्र एका वाक्यात मंजूर होतो.

काय मिळते ते सांगताना काय मिळत नाही तेही तितक्याच मोठ्या अक्षरात सांगायला हवे. ‘घराचा विमा’ म्हटले की लोकांच्या मनात आधी चोरी येते. या पॉलिसीत चोरीचे संरक्षण आहे ते फक्त पूर, आग, भूकंप अशा विमा असलेल्या घटनेनंतरच्या 7 दिवसांत झालेल्या चोरीपुरते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. दागिने आणि मौल्यवान वस्तू आपोआप धरल्या जात नाहीत, त्या किंमत ठरवून वेगळ्या नोंदवाव्या लागतात. ओल, वाळवी, वर्षानुवर्षांची गळती ही झीज, तिची भरपाई नाही. आणि बाजारपेठेत खाली दुकान, वर घर अशी रचना असेल, तर दुकानातला माल या पॉलिसीत येत नाही. त्यासाठी आपणच काढलेली ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. चिपळुणात अशा घरांची रांगच्या रांग आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आता ज्यांच्यासाठी मी खरे म्हणजे हे पत्र लिहायला घेतले, त्यांच्याकडे येते. कोकणातली बहुतेक गावातली घरे कर्जाशिवाय बांधलेली आहेत. जांभ्याचे चिरे, लाकडी वासे, कौलारू छप्पर, पुढे पडवी. वडिलांनी किंवा आजोबांनी मुंबईहून पैसे पाठवून ती टप्प्याटप्प्याने उभी केली. त्यांना कुठलीच बँक विम्याबद्दल विचारायला येत नाही. हप्ता लहान, त्यामुळे एजंटाला मिळणारे कमिशनही लहान, म्हणून तोही येत नाही. घर सामाईक असते. असेसमेंटच्या उताऱ्यावर अजून वारलेल्या चुलत्यांचे नाव असते, आणि एक भाऊ गावी, बाकीचे ठाण्या-डोंबिवलीला. अशा घराचा विमा कोणाच्या नावाने काढायचा, सगळ्यांच्या सह्या लागतात का, वर्षातले बरेच महिने घर बंद असेल तर अट काय, कौलारू घराचा बांधकाम दर कोणता धरायचा? हे प्रश्न मी दोन-तीन ठिकाणी विचारले. प्रत्येकाने सौजन्याने उत्तर दिले आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे होते.

मसुदा सगळ्या कंपन्यांना एकच असेल, तर या प्रश्नांची उत्तरेही एकच असायला हवीत आणि ती आपल्याकडून लेखी यायला हवीत. मराठीत यायला हवीत. ग्राहकाला मागितल्यास त्याच्या भाषेत माहितीपत्रक मिळावे असे आपले धोरण आहे, पण जे अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही, ते मागणार कोण? संपूर्ण पॉलिसी सोप्या मराठीत आपल्या संकेतस्थळावर ठेवा आणि वाद झाल्यास तोच मजकूर ग्राह्य धरा. इंग्रजी मजकूर खरा आणि मराठी फक्त सोयीसाठी, असे असेल तर वाचणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

दाव्यांच्या बाबतीत आपण 2024 मध्ये घालून दिलेले नियम मला आश्वासक वाटतात. नुकसान कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा, अहवाल आल्यावर कंपनीने 7 दिवसांत निर्णय घ्यायचा, आणि केवळ कागद नाहीत म्हणून दावा फेटाळायचा नाही. शेवटचा नियम पूरग्रस्तांसाठी लाखमोलाचा आहे, कारण घरात पाणी शिरते तेव्हा पावत्या सर्वांत आधी जातात. पण हे नियम दाव्याच्या वेळी माणसाच्या हातात नसतात. ते पॉलिसीच्या पहिल्या पानावर छापा. त्याखाली विमा लोकपालांचा पत्ताही छापा आणि सांगा की 50 लाखांपर्यंतच्या तक्रारीसाठी तिथे शुल्क लागत नाही आणि कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत जावे लागते.

कर्जाच्या टेबलाबद्दल माझी विनंती नेमकी आहे. रिझर्व्ह बँकेशी बोलून एक पान सक्तीचे करा. त्यावर जिवाचा विमा आणि घराचा विमा वेगवेगळ्या रकान्यांत, प्रत्येकाचा हप्ता, मुदत, रक्कम कशी काढली, आणि ‘हा विमा मी दुसऱ्या कंपनीकडून घेऊ शकतो’ हे वाक्य असावे. सही त्या पानावर वेगळी घ्यावी. आणखी एक. जीवन आणि आरोग्याच्या वैयक्तिक पॉलिसींवरचा वस्तू आणि सेवा कर सप्टेंबर 2025 मध्ये काढला गेला, घराच्या विम्यावर मात्र तो 18 टक्के आहे. तो आपल्या अखत्यारीत नाही हे मला माहीत आहे, पण सरकारकडे आपल्या शब्दाला वजन आहे.

आणि कर्ज नसलेल्या घरांसाठी घरपट्टीचा मार्ग वापरून पाहा. प्रत्येक घराची नोंद ग्रामपंचायतीकडे किंवा नगर परिषदेकडे आहे, क्षेत्रफळासह आहे आणि मार्चअखेर वसुलीसाठी माणसे दारापर्यंत जातात. त्या बिलासोबत घराचे क्षेत्रफळ, त्यावरून निघणारी विमा रक्कम आणि अंदाजे हप्ता मराठीत लिहिलेला एक कागद गेला, तर घेणारा घेईल, न घेणारा निदान वाचेल. सक्ती नको. एप्रिल-मेमध्ये चाकरमानी गावी येतात, भाऊ-भाऊ एकत्र बसतात, सह्या तेव्हाच होतात. जूनच्या आत पॉलिसी हातात हवी.

पहिला प्रयोग चिपळूण तालुक्यात करा. इथे निळ्या-लाल पूररेषेच्या आतली घरे आहेत, डोंगरउतारावरच्या वाड्या आहेत, फ्लॅट आहेत आणि सामाईक कौलारू घरेही आहेत. आपले अधिकारी आले, तर वाडीवाडीत बैठक लावायला आणि कागद वाचून दाखवायला मी आणि माझ्यासारखे आणखी काहीजण तयार आहोत.

आपली,
चिपळूणमधील एक घरमालकीण