चित्राखालचे नाव

एका हातात दिवा घेऊन दुसऱ्या हाताने त्याची ज्योत जपणाऱ्या स्त्रीचे चित्र आपल्यापैकी अनेकांनी छापील प्रतीच्या रूपाने पाहिले असेल. हे चित्र राजा रविवर्मा यांचे, असे आजही सर्रास सांगितले जाते. वस्तुतः म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील हे चित्र सावंतवाडी येथे १८८२ मध्ये जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. रविवर्मा यांची ख्याती तैलरंगांची. हे चित्र मात्र कागदावर जलरंगात साकारलेले आहे.

या भेदाला महत्त्व आहे. तैलरंगात चूक झाल्यास वरून दुसरा रंग देता येतो. पारदर्शक जलरंगात ती सवलत नाही. जेथे उजेड हवा, तेथे कागद कोरा किंवा अगदी फिकट राखावा लागतो आणि काळोख पातळ रंगाच्या थरांनी, प्रत्येक थर वाळू देत, चढवावा लागतो. एकदा काळवंडलेला कागद पूर्ववत होत नाही. म्हणून कुंचला टेकवण्यापूर्वीच उजेड कोठे राहील, हे चित्रकाराला ठरवावे लागते. त्या स्त्रीच्या बोटांतून झिरपणाऱ्या तांबूस प्रकाशामागे असा संयम आहे.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या हळदणकरांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांतही ते होते. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. स्वतःच्या चित्रांइतकीच इतरांना घडवण्याची त्यांची ही तळमळ आम्हांस मोलाची वाटते.

आज अनेक शाळांत दहावी जवळ आली की चित्रकलेचा तास गणित-इंग्रजीला दिला जातो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांकडे वाढीव गुणांचे साधन म्हणूनच पाहिले जाते. आमच्या मते हे नुकसानीचे आहे. वसतिगृहातील आपली कित्येक मुले कागद वाया जाईल या धास्तीने रेघ ओढायलाही कचरतात. आधी विचार करून मग निर्भयपणे हात चालवणे त्यांना जलरंग शिकवू शकतो. ही शिस्त गणिताच्या आड येणारी नाही, तिला पूरकच आहे.

म्हणून आमची विनंती तीन घटकांना आहे. शाळेने चित्रकलेचा तास दहावीपर्यंत अबाधित ठेवावा. माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी चांगला कागद आणि रंग पुरवावेत. पालकांनी मुलाचे चित्र गुणपत्रिकेइतक्याच आस्थेने पाहावे.

आणखी एक गोष्ट विनाखर्च होण्यासारखी आहे. भिंतीवर लावलेल्या प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्या विद्यार्थ्याचे पूर्ण नाव ठळकपणे लिहावे. ज्यांच्या वाडवडिलांनी विहिरी खणल्या, रस्ते बांधले, गिरण्या चालवल्या, पण ज्यांची नावे कोठेही कोरली गेली नाहीत, त्या समाजाला याचे मोल निराळे सांगावयास नको. हळदणकरांसारख्या नामवंत कलावंताचे श्रेयही दुसऱ्याच्या नावे जाऊ शकते. मग आपल्या मुलांची नावे जपण्याची जबाबदारी आपल्यावाचून कोण घेणार?