योजना मंजूर झाली, पुढचा खर्च कोण भरणार? जळगाव-धुळ्याचा हिशेब

जळगावच्या मध्यवस्तीत महापालिकेची सतरा मजली इमारत आहे. नगरपालिकेच्या काळात शहराने पाहिलेल्या मोठ्या स्वप्नांची ती खूण. त्याच काळात घेतलेल्या कर्जापायी पुढे याच महापालिकेची बँक खाती गोठवली गेली. तिकडे धुळ्यात आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळाला पाणी येण्याचा अनुभव लोकांनी वर्षानुवर्षे घेतला. शहरे दोन, तक्रारी वेगळ्या. पण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. योजना जाहीर करताना ती पुढे चालवायची कशी, याचा हिशेब मांडला गेला का?

दोन्ही नगरपालिकांच्या महापालिका झाल्या त्या २००३ मध्ये. २०११ च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार, तर धुळ्याची पावणेचार लाख. दर्जा वाढला, अपेक्षा वाढल्या. उत्पन्न मात्र त्या वेगाने वाढले नाही.

पैसा येतो कुठून?

पूर्वी जकात हा पालिकांचा हक्काचा पैसा होता. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर तोही संपला. आता त्या बदल्यात राज्य सरकार दरमहा भरपाईचे अनुदान देते. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ देण्याची तरतूद कायद्यात आहे. कर्मचाऱ्यांचे पगार बहुतांशी याच अनुदानाच्या भरवशावर होतात. ते लांबले की पगारही लांबतात.

पालिकेच्या स्वतःच्या हातात उरतात ती घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचे शुल्क आणि मालमत्तांचे भाडे. यातली वसुली दरवर्षी अपुरी राहते. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते आणि मग मार्चअखेर अभय योजना आणून तीच शास्ती माफ केली जाते. वेळेवर पैसे भरणाऱ्याच्या पदरी काय पडते? पुढच्या वर्षी थांबून पाहण्याचा धडा!

जळगावचे कर्ज किती महागात पडले?

१९८९ ते २००१ या काळात तत्कालीन नगरपालिकेने वेगवेगळ्या योजनांसाठी हुडकोकडून सुमारे १४१ कोटी रुपयांचे कर्ज घेतले. हप्ते थकले, व्याज चढत गेले, प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणात गेले आणि खात्यांवर टाच आली. अखेर २०१९ मध्ये सुमारे २५० कोटींवर एकरकमी तडजोड झाली. ही रक्कम राज्य सरकारने भरली आणि त्यातला निम्मा भार पालिकेने हप्त्यांनी फेडायचा, असे ठरले.

त्याच काळातील घरकुल योजनेत ११ हजार ४२४ घरे बांधायची होती. पूर्ण झाली सुमारे दीड हजार. २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी या प्रकरणी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह ४८ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली. त्याविरुद्ध आरोपींनी उच्च न्यायालयात दाद मागितली. दोषी कोण, हे न्यायालये ठरवतील. पण कर्जाचा हप्ता न्यायालयाच्या तारखांसाठी थांबत नाही. तो गटार, दिवाबत्ती आणि रस्त्यांच्या पैशातूनच जातो. ज्याने घरकुलाचा अर्जही केला नव्हता, त्यानेही या कर्जाची किंमत खड्ड्यांच्या रूपाने मोजली आहे.

गाळ्यांचा वाद सगळ्या शहराचा कसा?

जळगाव पालिकेच्या मालकीची व्यापारी संकुले हे तिचे सर्वांत भरवशाचे उत्पन्न ठरू शकले असते. फुले मार्केटसह अनेक संकुलांतील दोन हजारांहून अधिक गाळ्यांच्या भाडेकराराची मुदत २०१२ मध्ये संपली. नूतनीकरण करायचे की लिलाव, भाडे कोणत्या दराने, थकबाकी कशी मोजायची, यावर दशकाहून अधिक काळ वाद, ठराव, नोटिसा आणि न्यायालयीन फेऱ्या चालल्या.

व्यापाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. एकदम आलेली मोठी थकबाकी छोट्या दुकानदाराला झेपणारी नसते. पण निर्णय जितका लांबतो तितकी थकबाकी फुगते आणि ती भरण्याची शक्यता तितकीच कमी होते. एका बाजूला व्याजाने वाढणारे कर्ज आणि दुसऱ्या बाजूला हक्काचे भाडे वादात, अशी दुहेरी कोंडी पालिकेने स्वतःच ओढवून घेतली.

धुळ्याला पाणी आहे, मग नळाला का नाही?

धुळ्यासाठी तापीवरून पाणी आणले जाते, नकाणे आणि डेडरगाव तलाव आहेत, पांझरेवर अक्कलपाडा धरण आहे. म्हणजे शहराजवळ पाणीच नाही, अशी स्थिती नाही. अडचण आहे ती पाणी आणण्याच्या आणि वाटण्याच्या खर्चाची. तापीचे पाणी उपसून शहरापर्यंत चढवावे लागते. त्यामुळे विजेचे बिल मोठे. जलवाहिनी फुटली की वेळापत्रक कोलमडते. अक्कलपाडा पांझरेच्या वरच्या अंगाला असल्याने तिथून पाणी आणण्याचा पर्याय महत्त्वाचा ठरतो. पण धरणापासून जलवाहिनी आली तरी शहरातल्या जुन्या वाहिन्या, अपुरे जलकुंभ आणि गळती तशीच राहिली, तर घरातल्या नळाला फरक पडत नाही.

त्यातच २०१८ मध्ये वलवाडी, अवधान, महिंदळे यांसारखी गावे धुळे शहराच्या हद्दीत आली. हद्दवाढीने मालमत्ता वाढतात, पण वाहिन्या, दिवे आणि घंटागाड्याही वाढवाव्या लागतात. आधी करवाढीची नोटीस आणि मग सुविधा, असा क्रम लागला की नवा नागरिक पहिल्याच दिवशी नाराज होतो.

सभागृह नसताना प्रश्न विचारले कोणी?

जळगावच्या मागील सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२३ मध्ये, तर धुळ्याची डिसेंबर २०२३ मध्ये संपली. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचा कारभार होता. या व्यवस्थेत आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात आणि स्थायी समिती व महासभेचे अधिकार वापरून तेच मंजूरही करतात. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे राज्यघटना सांगते. तरीही हे घडले. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांबरोबर येथेही मतदान झाले. जळगावचे ७५ आणि धुळ्याचे ७४ नगरसेवक आता सभागृहात आहेत. त्यांची पहिली परीक्षा भाषणात नाही, अंदाजपत्रक वाचण्यात आहे.

अंदाजपत्रकात काय पाहावे?

पहिले, जमेच्या बाजूला लिहिलेला आकडा आणि मागील वर्षी प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम. या दोन्हींत मोठी तफावत असेल, तर खर्चाची निम्मी पाने कागदावरच राहणार.

दुसरे, योजनेतला पालिकेचा हिस्सा. अमृत २.० मध्ये १ ते १० लाख लोकसंख्येच्या शहरांना केंद्राकडून एक तृतीयांश रक्कम मिळते. उरलेली राज्य आणि पालिकेने उभी करायची असते. 'केंद्राची योजना' म्हणजे फुकट योजना नव्हे.

तिसरे, देखभाल. पंप चालवायला वीज, जलवाहिनीला दुरुस्ती, शुद्धीकरणाला रसायने आणि माणसे लागतात. भूमिपूजनाच्या फलकावर बांधकामाची किंमत असते, ही नसते.

चौथे, मुख्य लेखापरीक्षकांचे आक्षेप. ते किती वर्षे तसेच पडून आहेत, यावरून कारभाराची शिस्त कळते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अंदाजपत्रक आणि खर्चाची माहिती पालिकेने मागणीची वाट न पाहता प्रसिद्ध केली पाहिजे.

यासाठी नवा कायदा नको. पाच लाखांच्या आतल्या शहराला सभागृहात एक नियम लावता येईल: चालवण्याचा वार्षिक खर्च आणि त्यासाठीच्या उत्पन्नाचा मार्ग लिहिल्याशिवाय कोणत्याही मोठ्या योजनेचा ठराव मंजूर करायचा नाही. असा नियम १९८९ मध्ये असता, तर जळगावच्या एका पिढीचे रस्ते कर्जाच्या हप्त्यांत गेले नसते. धुळ्यातही आज तो लागू झाला, तर नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, याचे उत्तर आश्वासनाऐवजी वेळापत्रकात मिळेल.