लहान गावाचा ‘क्राइम रेट’ आणि एका वेळचं बीपी

मागच्या महिन्यात एक काकू दवाखान्यात आल्या. गोळ्या वेळेवर, मीठ कमी, रोजचं चालणंही चालू, तरी बीपी १६८/९६. खोदून विचारलं तेव्हा कळलं की चार रात्री झोप नाही. मुलगी, जावई आणि सहा वर्षांची नात अमेरिकेतल्या एका लहान गावात राहायला गेली होती आणि काकूंनी मोबाईलवर त्या गावाचा ‘क्राइम रेट’ शोधला होता. “डॉक्टर, एका वर्षात खून दुप्पट झालेत हो तिथे!” मी त्यांच्याच मोबाईलवर पाहिलं. आदल्या वर्षी एक खून, त्या वर्षी दोन.

हसू नका. डेंग्यूत प्लेटलेट ९० हजारांवरून ८५ हजारांवर आल्या म्हणून रात्री अकराला मला फोन करणारे तुम्हीच असता. एवढा फरक पुष्कळदा मशीनचाच असतो. आकडा हलला म्हणजे आजार हलला असं नाही.

अमेरिकेत गुन्ह्यांचा दर एक लाख लोकसंख्येमागे काढतात. एखाद्या मोठ्या शहरासाठी ते ठीक आहे. पण गावच २७-२८ हजारांचं असेल तर एक खून झाला की दर होतो साडेतीनच्या वर. दोन झाले की सातच्या पुढे, म्हणजे एवढ्यावरच गाव देशाच्या सरासरीपेक्षा ‘धोकादायक’ ठरतं. पुढच्या वर्षी एकही झाला नाही की शून्य, लगेच ‘सर्वांत सुरक्षित गावां’च्या यादीत! गाव तेच, माणसं तीच. एकदाच मोजलेल्या बीपीवर मी तुम्हाला जन्मभराची गोळी देत नाही, तसंच हे.

याचं सगळ्यात दुःखद उदाहरण म्हणजे कनेक्टिकट राज्यातलं न्यूटाऊन. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या २७,५६०. शांत, झाडीचं गाव. १४ डिसेंबर २०१२ च्या सकाळी एका वीस वर्षांच्या तरुणाने आधी घरी आपल्या आईला गोळ्या घातल्या, मग सँडी हूक प्राथमिक शाळेत जाऊन सहा-सात वर्षांची २० मुलं आणि शाळेतल्या ६ प्रौढ व्यक्तींना ठार मारलं. हिशेब केला तर त्या वर्षी गावाचा खुनाचा दर लाखामागे ९८ च्या आसपास येतो. देशाचा तेव्हा पाचच्या आत होता.

आता गंमत म्हणवत नाही अशी गोष्ट ऐका. अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने, म्हणजे एफबीआयने, २०१२ ची शहरवार आकडेवारी छापली तेव्हा न्यूटाऊनसमोर खुनाच्या रकान्यात शून्य होता. तपास राज्य पोलिसांकडे असल्यामुळे ते मृत्यू राज्य पोलिसांच्या खात्यात नोंदले गेले होते. कारकुनी कारण, बाकी काही नाही. पण ‘तिथे कुणी मेलंच नाही, सगळं नाटक होतं’ असं म्हणणाऱ्यांनी हाच शून्य पुरावा म्हणून फिरवला. मुलं गमावलेल्या आईबापांना वर्षानुवर्षं धमक्या आल्या. अशा खोट्याचा मोठा प्रचारक ॲलेक्स जोन्स याला २०२२ मध्ये कनेक्टिकटच्या ज्युरीने सुमारे ९६.५ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. एका रिकाम्या रकान्याचा असाही उपयोग होतो.

शिवाय मोजपट्टीही बदलते. ‘हिंसक गुन्हे’ म्हणजे तिथे खून, बलात्कार, जबरी चोरी आणि गंभीर मारहाण. त्यातल्या बलात्काराची व्याख्या २०१३ पासून व्यापक केली, तेव्हा आकडा वाढणारच होता. २०२१ मध्ये एफबीआयने नोंदणीची पद्धतच बदलली आणि अनेक पोलीस खात्यांचे आकडे त्या वर्षी आलेच नाहीत. लॅब बदलली की जुना आणि नवा रिपोर्ट मी शेजारी ठेवून लगेच निष्कर्ष काढत नाही. गावाचे आकडे पाहायचेच असतील तर आठ-दहा वर्षांचे एकत्र पाहा. दर सोडा, प्रत्यक्ष घटना किती ते मोजा.

म्हणजे काळजी करूच नका, असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. माझं म्हणणं आहे की काकू चुकीच्या ठिकाणी काळजी करत होत्या. न्यूटाऊनमध्ये वापरलेल्या बंदुका त्या तरुणाच्या आईने कायदेशीर विकत घेतलेल्या होत्या आणि घरातच होत्या. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातल्या २६ हजारांहून जास्त आत्महत्या होत्या. ‘क्राइम रेट’मध्ये त्या दिसणारच नाहीत, कारण तो गुन्हा नव्हे. निराशेचा तो झटका बऱ्याचदा काही मिनिटांचा किंवा तासांचा असतो, त्यातून वाचलेली बहुतेक माणसं पुढे आत्महत्येने मरत नाहीत. पण बंदूक हाताशी असली की परत फिरायला वेळच मिळत नाही. आणि २०२० पासून तिथल्या मुलांच्या व किशोरांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, मोटार अपघात नव्हे. मला विचाराल तर हा गुन्हेगारीइतकाच सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. तिथल्या संसदेने मात्र १९९६ मध्ये अशी अट घातली की पुढे वीसेक वर्षं सरकारी आरोग्य संस्थेचं या विषयावरचं संशोधन जवळपास थांबलं. २०२० च्या अर्थसंकल्पात त्यासाठी पुन्हा पैसे दिले गेले.

म्हणून मी काकूंना ती वेबसाइट बंद करायला सांगितली आणि लेकीला एकच निरोप द्यायला सांगितलं. नात कुणाच्या घरी खेळायला जाणार असेल तर आधी त्या आईवडिलांना विचार: घरात बंदूक आहे का, असली तर कुलपात आहे का, गोळ्या वेगळ्या ठेवल्यात का? तिथले बालरोगतज्ज्ञही पालकांना हेच विचारायला सांगतात.

“असं कुणाच्या घरी विचारायचं म्हणजे कसं दिसतं ते?” काकू म्हणाल्या.

“नातीला शेंगदाण्याची ॲलर्जी असती तर विचारलं असतं ना?”

त्यांनी तिथेच लेकीला मेसेज लिहायला घेतला. बीपी मी पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं: १५२/९०. गोळी बदलली नाही, आठवड्याने परत बोलावलंय.