न पडलेला बॉम्ब कोण मोजणार?

न्यूमोनियाने धापा टाकणारे मूल बरे झाले की आईवडील डॉक्टरांच्या पाया पडतात. पण वेळेवर लस टोचून तो आजार होऊच न देणाऱ्या आरोग्यसेविकेचे नाव कुणाला आठवत नाही. जे घडलेच नाही, त्याचे आभार कसे मानणार? शस्त्रकपातीसाठी झटणाऱ्यांचेही असेच होते.

डॉ. बर्नार्ड लॉन हे अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ. आयसीयूत हृदयाला विजेचा झटका देणारे डिफिब्रिलेटर विकसित करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९८० मध्ये त्यांनी सोव्हिएत हृदयरोगतज्ज्ञ डॉ. येवगेनी चाझोव यांच्यासोबत अणुयुद्धविरोधी डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना काढली. दोन्ही देश तेव्हा एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसले होते. अणुयुद्धाच्या जखमींवर उपचार होऊ शकत नाहीत, म्हणून ते होऊ न देणे हाच इलाज, एवढेच त्यांचे म्हणणे. संघटनेला १९८५ चे शांततेचे नोबेल मिळाले. ऑस्लोतल्या पत्रकार परिषदेत एका सोव्हिएत पत्रकाराचे हृदय बंद पडले, तेव्हा याच दोघांनी त्याच्यासाठी धाव घेतली!

'उपचार होऊ शकत नाहीत' हे आपल्या भागात वेगळे समजावून सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. तरी सोलापूर, लातूरची रुग्णालये उभी होती. बाहेरून डॉक्टर, रक्त, लष्कर येऊ शकले. हिरोशिमात शहरातले सुमारे ९० टक्के डॉक्टर आणि परिचारिका स्वतःच मेले किंवा जखमी झाले. सलाईन लावायला हातच उरले नाहीत. वर किरणोत्सर्ग.

हा विचार म्हणजे भाबडेपणा, असे म्हणणाऱ्यांनी अॅडमिरल एल. रामदास यांच्याकडे पाहावे. नौदलप्रमुख म्हणून १९९३ मध्ये निवृत्त झालेला हा माणूस अलिबागजवळच्या खेड्यात राहिला आणि अण्वस्त्रांविरुद्ध, भारत-पाकिस्तान शांततेसाठी बोलत राहिला. २००४ मध्ये पाकिस्तानचे आय. ए. रहमान यांच्यासोबत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मार्च २०२४ मध्ये ते गेले. आपल्या किती शाळांत त्यांचे नाव ठाऊक असेल? सगळ्यांना त्यांचे मत पटावे असे नाही. शेजारी अण्वस्त्रधारी असताना आपण काय करावे, यावर मतभेद राहणारच. पण माणूस माहीत तरी हवा.

सन्मान उशिरा येतो, हीदेखील अडचण. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांची निहोन हिदांक्यो ही संघटना १९५६ ची. तिला नोबेल मिळाले २०२४ मध्ये. तोवर कितीतरी साक्षीदार निघून गेले होते.

मोठे पुरस्कार आपल्या हातात नाहीत. पण ६ ऑगस्टला, हिरोशिमा दिनी, प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात एक तास ठेवता येईल. त्यात लॉन-चाझोव आणि रामदास यांच्याबद्दल सांगावे, भाजलेल्या आणि किरणोत्सर्ग झालेल्या रुग्णाचे नेमके काय होते ते शिकवावे. आपल्या धाराशिवच्या शासकीय महाविद्यालयाने सुरुवात केली, तर उमरग्याहून मी यायला तयार आहे.