वाघाची भीती आणि विषाची भीती

लोकांच्या मनातली भीती हा राजकारणाचा कच्चा माल आहे, असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. मला ते अर्धेच खरे वाटते. राजकारणाला सगळीच भीती चालत नाही. कापसाच्या बाजारात जशी प्रत पाहून बोली लागते, तशीच भीतीचीही प्रत पाहिली जाते. आमच्या झरी-जामणी तालुक्याने आणि शेजारच्या पांढरकवडा-राळेगाव भागाने हे फार जवळून पाहिले आहे. म्हणून मुकुटबनसारख्या आडबाजूच्या गावी बसून याविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

2016 ते 2018 या काळात राळेगाव-पांढरकवड्याच्या रानात ‘टी-1’ या वाघिणीच्या नावावर 13 माणसांचे मृत्यू मांडले गेले. त्यातले सगळेच तिचे होते काय, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. शहरांनी तिचे ‘अवनी’ असे गोड बारसे केले. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिला शोधण्यासाठी हत्ती आले, श्वान आले, आकाशातून पाहणारे यंत्र आले, इतकेच काय, तिला भुलविण्यासाठी विलायती अत्तरही आले! ज्या गावांत साधी एस.टी. वेळेवर येत नाही, त्या गावांत एका वाघिणीपायी सारे जग अवतरले. त्या हत्तींपैकी एक ऑक्टोबर 2018 मध्ये सुटला आणि त्याने एका स्त्रीचा बळी घेतला, हे मात्र आज कोणाच्या स्मरणात नाही. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ वाघीण गोळीने मारली गेली. इकडे गावांत फटाके वाजले, तिकडे शहरांत मेणबत्त्या पेटल्या. एकाच पक्षाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी आणि राज्याचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्यात जाहीर खटके उडाले.

मेणबत्ती लावणाऱ्यांची मला चीड येत नाही. वाघ जगला पाहिजे, असे आमच्याकडच्या कोलाम-गोंडांनाही वाटते. वाघाला देव मानण्याची रीत काही शहरातून आलेली नाही. मला खटकते ते असे, की त्या साऱ्या गदारोळात ‘वाघ हवा की माणूस?’ एवढा एकच प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला. माणूस रानात जातोच का, हे कोणी विचारले नाही. चैत्रात मोहफुले वेचायला पहाटेच जावे लागते, कारण उन्हे चढली की ढोरे फुले खातात. वेचणारी बाई वाकलेली असते. वाघाला ती माणूस दिसत नाही, चार पायांचे जनावर दिसते. वैशाखात तेंदूपत्ता. आणि हिवाळ्यात रात्रीचे ओलीत! शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली, की गहू-हरभऱ्यासाठी शेतकऱ्याने बॅटरी घेऊन वावरात उतरायचे. अंधारात रानडुक्कर, पायाखाली साप, आणि एखाद्या रात्री वाघ. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली, तिची दुसरी आवृत्ती 2023 मध्ये निघाली. वाघाच्या पट्ट्यातल्या फीडरना त्यात पहिला मान द्यावा, ही मागणी मेणबत्तीवाल्यांनी आणि फटाकेवाल्यांनी मिळून केली असती, तर तिला नाही म्हणण्याची कोणत्या मंत्र्याची छाती होती?

आता दुसरी भीती पाहा. 2017 च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. शेकडो लोक दवाखान्यात पडले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, बोंडअळीने शेतकरी हवालदिल झाला होता, दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती, आणि पंपातून धुक्यासारखा निघणारा फवारा थेट नाकातोंडात जात होता. वाघिणीच्या नावावर दोन वर्षांत 13. विषाने एका हंगामात 20 च्या वर. चौकशी समिती नेमली गेली, काही दिवस बातम्या आल्या. पण विषाचे कोणी बारसे केले नाही, त्याला शोधायला हत्ती आले नाहीत. विषाला चेहरा नसतो. त्याचे छायाचित्र मुखपृष्ठावर शोभत नाही. शिवाय ते विकणारे असतात, त्याला परवाना देणारे असतात. वाघाला मतही नाही आणि दुकानही नाही. त्याच्याविषयी हवे ते बोलता येते.

आपल्या माणसांविषयीही लिहिले पाहिजे, नाहीतर हा लेख एकांगी होईल. एप्रिल 2021 मध्ये आमच्या मुकुटबन वनपरिक्षेत्रात एक गाभण वाघीण गुहेत मारलेली सापडली. गुहेच्या तोंडाशी आग लावलेली होती, अंगावर शस्त्राचे घाव होते आणि पंजे कापून नेलेले होते. त्या दिवसांत करोनाच्या बातम्यांपुढे कशालाच जागा नव्हती, त्यामुळे ‘अवनी’सारखा गाजावाजा झाला नाही. ‘लोक भ्यालेले होते’ असे म्हणून हा प्रकार पांघरुणाखाली घालणारे मी ऐकले आहेत. मला ते मुळीच पटत नाही. भ्यालेला माणूस गुहेपासून दूर पळतो; पंजे कापायला सवड लागते आणि गिऱ्हाईक लागते. आमच्या खऱ्या भीतीच्या आडून असला धंदा चालू लागला, तर उद्या आमच्या खऱ्या ओरडण्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. कुंपणात रात्री चोरून वीज सोडणाऱ्यांनाही हेच सांगायचे आहे. त्या तारेला रोही, वाघ आणि शेजाऱ्याचा मुलगा यांतला भेद कळत नाही.

पैशाचा हिशेब तेवढा राहिला. वन्य प्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू आला तर राज्य शासनाने 2023 मध्ये ठरविलेले साहाय्य 25 लाख रुपयांचे आहे. ते योग्यच आहे. फवारणीने मेलेल्यांच्या वारसांना 2017 मध्ये 2 लाख जाहीर झाले होते. वर्षे वेगळी आहेत, तेव्हा तुलना काटेकोर नव्हे, हे मान्य. पण वाघाने मारलेल्या माणसाच्या घरच्यांना ‘हातमोजे का घातले नव्हते?’ असे कोणी विचारत नाही. फवारणीवाल्याच्या बायकोला मात्र तो प्रश्न विचारला जातो. भाद्रपदातल्या उन्हात, पाठीवर भरलेला पंप घेऊन, नाकातोंडाला फडके आणि हातात रबरी मोजे चढवून विचारणाऱ्याने स्वतः एक तास कपाशीत चालून पाहावे. आणि तेही दुसऱ्याच्या वावरात, रोजाने. कारण फवारणारा बहुधा मजूरच असतो. त्याच्या नावावर सातबारा नसतो.